बारा किलोमीटर अलीकडे

मित्रांनो, मी एक जुना थर्मास आहे. माझ्या अंगावरचा लाल रंग अजून बरा आहे, त्यावरची पांढरी फुलंही ओळखू येतात, पण पोटातली काच फुटलेली आहे. त्यामुळे माझ्यात आता कोणी चहा ओतत नाही. झाशीला दतिया गेटजवळच्या एका घरात, स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर मी उभा असतो. मी कसा फुटलो हे कोणी विचारलं तर माझी मालकीण विषय बदलते. म्हणून मीच सांगतो.

माझा जन्म कारखान्यातला. एका काचेच्या बाटलीत दुसरी बाटली बसवली, दोन्हींच्या मधली हवा काढून घेतली, आतून चांदीसारखा मुलामा दिला आणि वरून पत्र्याचा अंगरखा चढवला. तिथून मी झाशीजवळच्या बबिन्याच्या छावणीत, मिलिटरी कँटीनमध्ये आलो. हवालदार जयसिंग पवार यांनी मला विकत घेतलं. साताऱ्याकडचा माणूस, बदलीने इकडे आलेला. घरी बायको शशिकला आणि दोन वर्षांचा मुलगा केयूर.

माझ्या चाकरीची ती उमेदीची वर्षं. जयसिंग गोळीबाराच्या सरावाला जात तेव्हा मी बरोबर असे. उन्हाळ्यात गावी जाताना गाडीत मी खिडकीशी बसे. शशिकलाबाई मोठ्या काटकसरी. स्टेशनावरचा चहा म्हणजे गरम पाणी, त्याला कशाला पैसे द्यायचे, असं त्यांचं मत. त्या घरूनच आलं घालून चहा करत आणि मला गळ्यापर्यंत भरत. डब्यातले लोक म्हणत, "भाभीजी, अभी तक गरम है?" मला धन्य वाटे. छोटा केयूर बोटांवर मोजत विचारायचा, आई, आज आपण किती चहा वाचवले? बाई कौतुकाने त्याच्या डोक्यावरून हात फिरवायच्या. काटकसरीचा पहिला धडा त्या पोराला मीच दिला, मित्रांनो. हे मी लपवणार नाही.

जयसिंग सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि गावी न जाता झाशीतच राहिले. केयूर शिकला, इंग्लंडला गेला, तिथेच नोकरी, तिथेच संसार. मी कपाटात गेलो. बाजारात स्टीलचे थर्मास आले होते; मला कोण विचारतो? जयसिंग शेवटच्या आजारात दवाखान्यात होते तेव्हा बाईंनी मला पुन्हा बाहेर काढलं. तीन आठवडे मी त्यांच्या खाटेखाली होतो. ते गेले आणि मी परत कपाटात गेलो.

आता एक जुनी गोष्ट सांगायला हवी. शशिकलाबाईंचे आजोबा, राघू त्यांचं नाव, पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर बोटीत बसून फ्रान्सला गेले. ते गेले तेव्हा बाईंचे वडील आजीच्या पोटात होते. राघू परत आले नाहीत. देह सापडला नाही, फोटो कधी काढलेला नव्हता. बाईंच्या वडिलांनी जन्मभर बापाचा चेहरा पाहिला नाही. पुढे जयसिंगांनी खटपट करून पत्रं पाठवली तेव्हा एक कागद आला. फ्रान्समध्ये नव शापेल नावाचं गाव आहे, तिथे हिंदुस्थानी शिपायांचं स्मारक आहे, तिथल्या दगडी भिंतीवर राघूचं नाव कोरलेलं आहे, असं त्यात लिहिलं होतं. कितव्या भिंतीवर तेही होतं. एका माणसाचं जगात एवढंच उरलं होतं. जयसिंग म्हणत, एकदा तुला तिथे नेतो. त्यांचं नेणं राहून गेलं.

बाई एकोणसत्तर वर्षांच्या झाल्या तेव्हा केयूरने त्यांना उन्हाळ्यासाठी बोलावलं. फ्रान्स आमच्याकडून गाडीने जाऊन यायच्या अंतरावर आहे, म्हणाला. मधे समुद्र आहे, पण मोटार बोटीत घालतात आणि पलीकडे उतरवतात. बाईंनी हे तीन वेळा ऐकून घेतलं. मग इंग्लंडचा व्हिसा वेगळा आणि फ्रान्सचा वेगळा म्हणून झाशीहून दिल्लीच्या दोन खेपा केल्या. भांडी घासून घासून बोटांच्या रेघा गेल्या होत्या. यंत्रावर ठसे उमटेनात. खिडकीवरच्या मुलाने चार वेळा बोटं पुसायला लावली. त्याने विचारलं, अम्माजी, फ्रान्सला किती वेळा जायचं आहे? बाई म्हणाल्या, "एक ही बार जाना है, भैया. बस एक बार."

त्याने तसं लिहिलं.

सामान भरताना बाईंनी मला कपाटातून काढलं, राखेने घासलं आणि जुन्या साडीच्या पिशवीत घालून विमानात मांडीवर घेतलं.

केयूरच्या घरी सगळं चांगलं होतं. सून मनस्वी शांत, नोकरी करणारी. नात बकुळ नऊ वर्षांची. तिला मराठी समजायचं, बोलताना मात्र अडायचं. तिने आजीला एक गोष्ट शिकवली. फ्रान्सच्या भिंतीवरचं नाव इंग्रजीत असणार आणि आजीला फक्त आपली अक्षरं येत होती. तेव्हा रोज दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर आजी-नातीची शाळा भरायची. बकुळ मोठी अक्षरं काढून द्यायची, बाई ती गिरवायच्या. पंधरा दिवसांत त्यांना राघूचं नाव लिहिता आलं, वाचता आलं. नव शापेलही वाचता येऊ लागलं. मग त्या दुकानांच्या पाट्या अक्षर अक्षर जोडून वाचायच्या आणि बकुळ हसायची.

केयूर रोज संध्याकाळी संगणकासमोर बसे आणि बोटीची भाडी पाही. त्या कामात त्याचा हात धरणारा नव्हता. शनिवारपेक्षा मंगळवार स्वस्त. दुपारपेक्षा पहाट स्वस्त. गाडीच्या टपावर पेटी असली की उंची वाढते आणि भाडं चढतं, म्हणून त्याने टपावरची पेटी काढून ठेवली. भाडं गाडीचं असतं, आत एक बसो की चार. तो हसून म्हणाला, "आई, तू फुकटात चाललीस." बाईही हसल्या. तीन दिवस राहून यायचं ठरलं होतं, पण भर सुट्टीचे दिवस होते आणि भाडं फार होतं. मग त्याला एक युक्ती सापडली. त्याच दिवशी जाऊन त्याच दिवशी परतायचं तिकीट निम्म्याहूनही कमी. अट इतकीच, की ठरलेली बोट गाठायची. चुकली तर पैसे गेले, नवं तिकीट त्या दिवसाच्या दराने.

मनस्वीने विचारलं की एका दिवसात सगळं होईल का. तो म्हणाला, बंदरापासून ते गाव तासाभरावर आहे, आरामात होईल. बोटीवरचा चहाही महाग असतो, हे सांगताना त्याची नजर माझ्याकडे गेली. आई, थर्मास आणलास ते बरं केलंस, म्हणाला. इतक्या वर्षांनी कोणी माझं कौतुक केलं. मी भुललो.

मंगळवारी पहाटे आम्ही डोव्हरच्या बंदरात पोचलो. फ्रान्सचे पोलीस तिथे अलीकडच्याच किनाऱ्यावर बसतात. बाईंच्या पासपोर्टवर शिक्का पडला. बोटीत गाडी खाली ठेवून सगळे वर गेले. बाईंनी मला मांडीवर घेतलं आणि काचेतून समुद्राकडे पाहत राहिल्या. ह्याच पाण्यावरून गेले असतील का रे, असं त्यांनी केयूरला विचारलं. तो फोनवर काही पाहत होता. नाही, ते दुसऱ्या बंदराला उतरले असतील, म्हणाला.

पलीकडे फ्रान्सच्या कॅले बंदरात उतरलो तेव्हा तिथल्या घड्याळात नऊ वाजले होते. परतीची बोट पावणेचारची, बंदरात तासभर आधी हजर व्हायचं. वेळ भरपूर होता. केयूर म्हणाला, आधी दुकान उरकू, मग निवांत जाऊ. इथवर येऊन माल न नेणं म्हणजे अर्धी बचत सोडणं.

दुकान आपल्या झाशीच्या सदर बाजाराएवढं. वाइनची खोकी, चीज, साबणाची पुडकी, अंगणात मांडायच्या घडीच्या खुर्च्या. तो एकेक किंमत फोनवर ताडून पाहायचा. बाई दाराशी बाकावर बसल्या, राघूच्या नावाच्या कागदाची घडी मुठीत धरून. बकुळ दोनदा येऊन सांगून गेली, आजी, बस पाच मिनिट. पैसे द्यायच्या रांगेत पाऊण तास गेला. खोकी गाडीत मावेनात, कारण टपावरची पेटी घरी होती. शेवटी माझी पिशवी बाईंच्या हातून घेऊन त्याने मागे खोक्यांच्या फटीत दाबून बसवली. साडेबारा होऊन गेले होते.

पुढच्या रस्त्यावर काम चाललं होतं. गाड्या मुंगीसारख्या सरकत होत्या, मग एका आडवाटेने वळवल्या. पावणेदोनच्या सुमारास एक पाटी आली. बाईंनी ती अक्षर अक्षर जोडून वाचली आणि मोठ्याने म्हणाल्या, "नव शापेल. बारा."

केयूरने गाडी कडेला घेतली. घड्याळ पाहिलं, फोन पाहिला.

"आई, आत्ता वळलो तरच बोट मिळेल."

"बाराच राहिलेत, केयूर."

"जायला पंधरा मिनिटं, थांबायला पंधरा, परत यायला तेवढीच. बोट गेली तर आज दोनशे पौंड पडतील. वीस हजार रुपये."

बाईंनी कमरेचा बटवा काढला. झाशीहून निघताना सात हजार रुपये त्यात ठेवले होते. पाचशेच्या नोटा त्यांनी पुढच्या सीटकडे धरल्या आणि म्हणाल्या, "हे आत्ता घे, बाकीचे घरी गेल्यावर देते."

केयूर खजील झाला. तो वाईट मुलगा नव्हता, मित्रांनो. पण जन्मभर एकच हिशेब केलेल्या माणसाला दुसरा सुचत नाही.

"ते इथे चालत नाहीत, आई," तो म्हणाला आणि त्याने गाडी वळवली.

मग तो वेगात निघाला. एका वळणावर जोराचा ब्रेक लागला, वरचं खोकं घसरलं आणि माझ्यावर आदळलं. माझ्या पोटात बारीक आवाज झाला. तो फक्त मला ऐकू आला.

आम्ही वेळेत बंदरात पोचलो. तिथे कळलं की बोट दोन तास उशिरा आहे.

ते दोन तास मी कधी विसरणार नाही. रांगेत गाडी उभी. केयूर स्टिअरिंगवर हात ठेवून समोर पाहत होता. मनस्वीने एकदा म्हटलं, जाऊन आलो असतो. बकुळला तहान लागली म्हणून बाईंनी मागून माझी पिशवी काढायला लावली. पिशवी चहाने भिजलेली होती. मला हलवलं तसे काचेचे तुकडे खुळखुळले. बाईंनी झाकण परत घट्ट लावलं आणि मला पायाशी ठेवलं.

घरी आल्यावर केयूरने सगळी खोकी उतरवली. मग आईजवळ येऊन बसला आणि म्हणाला, पुढच्या मंगळवारी परत जाऊ, दुकानात पाऊलसुद्धा टाकायचं नाही. बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी उठून त्याच्यासाठी पोळी गरम केली. मनस्वीने तारखा पाहायला बाईंचा पासपोर्ट उघडला आणि बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिली.

"फ्रान्सचा व्हिसा एकाच प्रवेशाचा आहे," ती म्हणाली. "आज संपला. नवा काढायचा तर परत दिल्लीलाच."

केयूरने कधी ते पान नीट पाहिलं नव्हतं. बाईंना समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर त्या म्हणाल्या की चूक माझीच, मीच त्या मुलाला सांगितलं होतं, एकदाच जायचं आहे म्हणून. त्यांनी तव्याखालचा गॅस बंद केला. दुसऱ्या दिवशी दुपारी बकुळ वही घेऊन आली तेव्हा आजी म्हणाली, आज नको ग, डोळे दुखतात. ती शाळा पुन्हा भरली नाही.

परतताना केयूर मला टाकून देऊ म्हणाला. फुटका थर्मास विमानातून कशाला न्यायचा, नवा स्टीलचा घेऊन देतो. बाईंनी ऐकलं नाही. झाशीत शेजारच्या रेल्वेवाल्या वसुंधराबाई भेटायला आल्या. त्यांनी हौसेने विचारलं, बघून आलात का फ्रान्स, कसं आहे? बाई म्हणाल्या, "दुकान फार मोठं आहे तिथलं." आणि चहा ठेवायला आत गेल्या.

त्या हिवाळ्यात त्यांना छातीचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी विमानाचा प्रवास बंद केला. मग त्यांनी केयूरला सांगितलं की तू एकटा जाऊन ये, नावावरून नुसता हात फिरव, माझ्या वतीने. त्याने कबूल केलं. राघूच्या नावाचा कागद बाई तिकडेच ठेवून आल्या होत्या, तो त्याच्याकडेच आहे.

त्याला आता दोन उन्हाळे झाले. केयूर वर्षातून दोनदा तरी बोटीने पलीकडे जातो. आता तो दोन महिने आधी तिकीट काढतो, आणखी स्वस्त पडतं. मागच्या महिन्यात त्याने त्या दुकानातल्या रांगेतूनच फोन केला. इथे काय काय मिळतंय ते आईला उत्साहाने सांगत होता. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आज तरी वेळ आहे का रे?"

"आज बोट पावणेचारची आहे, आई."

बाईंनी बरं म्हणून फोन ठेवला.

मित्रांनो, मी साधा थर्मास. मला जगातलं फार कळत नाही. फुटल्याचं मला दुःख नाही. काच आहे, ती कधीतरी फुटायचीच. पैसे वाचवा, जरूर वाचवा, मीही जन्मभर तेच काम केलं. पण कधी एखाद्या म्हाताऱ्या माणसाला गाडीत घेऊन निघालात, तर आधी त्याला जिथे जायचं आहे तिथे न्या. बाजार येताना करा.