कोबीची काटेरी मावशी

मी एक जुनी वाघाटीची वेल आहे. तिगावजवळ केशवरावांच्या संत्राबागेच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मी तीसेक वर्षं काढली. माझे काटे वाघनखांसारखे वाकडे. त्यांनी केशवरावांची बरीच धोतरं फाडली, हे मी नाकारत नाही. पण मित्रांनो, आमच्याकडे आषाढी एकादशीचा उपास द्वादशीला माझ्याच फळांच्या भाजीने सुटतो. त्या एका दिवशी मी नैवेद्याच्या ताटात असते. बाकी वर्षभर मी नुसतं झुडूप.

१९८५च्या उन्हाळ्याच्या तोंडी पांढुर्ण्याच्या शाळेतल्या प्रतिभा मॅडम आल्या. सौंसर-पांढुर्णा भागातला कोबीचा गोतावळा त्या वहीत उतरवत होत्या. मोहरी, मुळा, अळीव हे घरचे. रानातली तिळवण, नाल्याकाठचा वायवर्णा आणि मी, ही शेजारची घराणी. माझ्या फुलाच्या चार पाकळ्या त्यांनी केशवरावांना मोजायला लावल्या. कोबीची मावशी ठरले म्हणून मी जरा फुगलेच.

केशवरावांनी कौतुकाने मान डोलावली आणि ज्येष्ठात मला खणून काढलं. धुऱ्यावर काटेरी तार लावायची होती. द्वादशीपुरती फळं शेजारच्या रघुनाथरावांच्या धुऱ्यावरून आणू, असा त्यांचा बेत. रघुनाथरावांनीही त्याच आठवड्यात आपली वेल खणली होती. त्यांचा भरवसा केशवरावांवर होता.

द्वादशीच्या सकाळी दोघे रिकाम्या टोपल्या घेऊन तारेपाशी भेटले. मागोमाग केशवरावांच्या बायको देवकाबाई आल्या. हातभर मूळ जमिनीत उरलं होतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

केशवराव त्यांना म्हणाले, "मॅडमच सांगून राहिल्या होत्या, कोबी हिचीच सोयरी हाय. यंदा कोबी रांध."

"सोयरे आले म्हणून नवरदेवाबिगर लगन लावता काय तुमी?" देवकाबाई म्हणाल्या आणि उपाशीच परत गेल्या.

दोन्ही धुऱ्यांवरून वाघाटी गेली, म्हणजे आता मॅडमच्या वहीतलं माझं नाव खोडलं जाणार होतं. ते मला मान्य नव्हतं. श्रावणात मी कोंब काढला, बरोबर तारेखाली. केशवरावांना तो दिसला. मग त्यांनी दोन खांब उपटले आणि तार हातभर आत घेतली. फळ धरायला मला तीन वर्षं लागली. त्या द्वादशीला माझी भाजी दोन्ही घरांत पुरवून वाढली.

तेव्हा मित्रांनो, धुरा साफ करताना शेजाऱ्याच्या भरवशावर राहू नका. तो तुमच्याच भरवशावर असतो. माझ्यासाठी हातभर जागा सोडा. नाही सोडलीत तरी मी येणारच आहे. फक्त तुमच्या तीन द्वादश्या जातील.