वाढीव गणिताला आठ जण

वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत बाकं होती बारा, फळे दोन, त्यातला एक मधोमध तडकलेला, खिडक्या तीन आणि मुलं सात. बिट्टीने स्वतःला धरून मुलं दोनदा मोजली. गणिताच्या बाई दारातच उभ्या राहिल्या, आत आल्याच नाहीत.

"आठ झाले तर वाढीव गणिताचा वर्ग चालेल," त्या म्हणाल्या. "सात जणांसाठी वर्ग चालवायला परवानगी नाही. सोमवारपर्यंत आठवा आणा, नाहीतर सगळे व्यवहार गणिताला बसा."

व्यवहार गणित म्हणजे टक्केवारी, व्याज, सरासरी, आलेख वाचणं. त्यात वाईट काही नव्हतं. पण बिट्टीला विद्यापीठात अकाउंटिंग आणि फायनान्स शिकायचं होतं आणि तिथे प्रवेशाची पहिलीच अट वाढीव गणिताची होती. घरात हे कोणाच्या गळी उतरत नव्हतं. "जमाखर्च लिहायला कसलं आलंय कॅल्क्युलस?" असं वडील जेवताना रोज एकदा तरी विचारायचे. बिट्टीने त्या अभ्यासक्रमाचा नमुना पेपर पाहिला होता. व्याजदर जरासा हलला की कर्जरोख्याची किंमत किती वेगाने हलते, असा त्यात प्रश्न होता. तो तिला तेव्हा सुटला नव्हता आणि त्या दिवसापासून तिला दुसरं काही शिकावंसंच वाटेना.

तिने वर्गातल्या पाच जणींची मनधरणी केली. पाचही जणींनी हात जोडले. मग उरला लंबू.

लंबू तिचा मावसभाऊ. तिच्याच वर्गात, तिच्याच इमारतीत, एक मजला खाली. लहानपणी कोपर मोडलं तेव्हा त्याने दिव्याच्या काचेवर लावलेल्या फोटोत स्वतःचं हाड पाहिलं होतं. तेव्हापासून त्याला एक्स-रे काढणारा तंत्रज्ञ व्हायचं होतं. त्या अभ्यासक्रमाला गणित कुठलंही चालत होतं, फक्त साठ मार्क हवे होते. व्यवहार गणितात त्याला सत्तर कुठे गेले नव्हते.

"तू नुसता बस," बिट्टी म्हणाली. "बाकी मी बघते."

"नुसतं बसणं मला फार छान जमतं," लंबू म्हणाला आणि सोमवारी शेवटच्या बाकावर पाय दुमडून बसला.

पहिले काही आठवडे हसण्यावारी गेले. संध्याकाळी बिट्टी त्याला शिकवायची.

"हा सात कुठे गेला?" लंबू वहीत बोट ठेवून विचारायचा. "वरच्या ओळीत चांगला धडधाकट सात होता."

"सात बदलत नाही. त्याच्या बदलाचा वेग शून्य. म्हणून गेला."

"बिचारा. काही केलं नाही म्हणून गेला."

मग बाईंनी नियम सांगितला. सहामाहीत तीसच्या खाली येणाऱ्याला व्यवहार गणिताकडे परत पाठवणार, त्यात कमीपणा काही नाही. तीस किंवा वर आले की मात्र वर्षअखेरपर्यंत हाच विषय. नंतर बदल नाही. आणि वर्गात आठाचे सात झाले, तर वर्ग तिथेच बंद.

जिना उतरताना लंबूने शीळ घातली. "म्हणजे एकोणतीस आले की मी सुटलो."

"हो."

"आणि मी सुटलो की तुमचं दुकान बंद."

दुसऱ्या कुठल्या शाळेत जावं तर वर्षाच्या मध्यात कोणी दारात उभं करत नव्हतं. शिकवणी लावावी तर शाळेने न शिकवलेल्या विषयाच्या परीक्षेला बसताच येत नव्हतं. बिट्टीचं सगळीकडे विचारून झालं होतं.

त्या संध्याकाळी मावशी वर आली. बसली नाही.

"काय गं, तुझ्या वर्गाला मुंडकी कमी पडली तर माझंच पोर सापडलं का तुला?"

"मावशी, मी शिकवतेय ना त्याला."

"शिकव की. नको कोण म्हणतंय? पण वर्षअखेर त्याला साठ पडतील का, तेवढं माझ्याकडे बघून सांग."

"पडतील," बिट्टी म्हणाली. तिने मावशीकडे बघितलंही.

तिला उत्तर ठाऊक होतं. लंबूने आतापर्यंत चार सराव पेपर सोडवले होते: बारा, एकोणीस, चोवीस, सत्तावीस. मार्क वाढत होते, पण वाढ घटत होती. आधी सात, मग पाच, मग तीन. तिने आलेख काढला. रेघ वर चढता चढता अठ्ठाविसाजवळ आडवी होत होती. साठ त्या कागदावर मावतही नव्हते. तिने कागद चुरगाळला, पुन्हा उलगडला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर दोन प्रश्नप्रकार उतरवले. हे दोन दरवर्षी येत. समजले नाहीत तरी पाठ करता येत. एवढ्याने तीसचा उंबरठा ओलांडता आला असता. त्यापुढे एक पाऊलही नाही.

पुढचे सगळे दिवस तिने त्याच्याकडून तेच दोन प्रकार घोकून घेतले.

"हे असं का करायचं?" लंबूने एकदा विचारलं.

"तू विचारू नकोस, लिही."

आधी ती असं कधी म्हणाली नव्हती. लंबूने मान खाली घातली आणि लिहिलं. त्या दिवशी त्याने एकही विनोद केला नाही. बिट्टीला तिथून उठून जावंसं वाटलं. ती उठली नाही.

परीक्षेच्या सकाळी ती दोघं शाळेच्या फाटकाशी थांबली. लंबूच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"बिट्टे, मी ते दोन प्रश्न सोडूनच दिले तर? चालेल का तुला?"

त्याला ते एकट्यानेही करता आलं असतं. तरी तो विचारत होता. 'दे सोडून' एवढंच म्हणायचं होतं. तिच्यासमोर ती कोपऱ्यातली खोली आली, दाराला कुलूप घातलेली.

"तुझी मर्जी," ती म्हणाली.

त्यांच्या घरात होकारासाठी हे शब्द आजवर कोणी वापरले नव्हते. लंबूला ते तिच्याइतकंच माहीत होतं. त्याने पेन खिशाला नीट लावलं आणि आत गेला.

आठवड्याने बाई पेपरांचा गठ्ठा घेऊन वर्गात आल्या. बिट्टीला अठ्ठ्याऐंशी होते. तिने स्वतःचा पेपर उलटा ठेवला आणि शेवटच्या बाकाकडे न बघता ऐकत राहिली. लंबूचा पेपर तळाशी होता. बाईंनी बेरीज पुन्हा एकदा तपासली आणि आकडा वाचला.

शंभरपैकी एकतीस.