पहिल्या घासाला लाभ

मी हिंगोलीच्या मोंढ्यात मापाडी आहे. हळदीची पोती काट्यावर घ्यायची आणि वजन पुकारायचं, हे माझं काम. मोजताना पहिल्या पोत्याला आम्ही एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. पुढं दोन, तीन. तीस वर्षं ओरडून माझा आवाज असा झालाय की घरातही हळू बोलता येत नाही. पद्मा म्हणायची, "अहो, मी काट्यावर न्हाई, चुलीजवळ आहे." तिला जाऊन आता दोन वर्षं होतील. अजूनही मी घरात शिरताना आवाज उतरवतो.

माझी चूक या आवाजानंच झाली.

आमची करुणा गाते. आई गेल्यावर सहा महिन्यांनी तिचं एक गाणं मोबाईलवर आलं. एसटी डेपोच्या मागं कय्युमची रेकॉर्डिंगची खोली आहे, त्यानं ते केलं होतं. 'काडीवानी कंबर माझी, फुंकर मारा, उडते.' गाणं लई चाललं, वरातींत वाजलं. व्हिडिओत करुणाच नाचली होती. खाली लोकांनी लिहिलं, आवाज कोकिळेचा, कंबर ओंडक्याची. मी ते वाचलं नव्हतं. तिनं सगळं वाचलं.

मग ती मोंढ्यात माझा डबा घेऊन यायची आणि काट्यावर उभी राहायची. मला वाटलं, लेकराची गंमत आहे. पोत्याचं पुकारतो तसंच मी तिचं वजन पुकारायचो. आकडा उतरला की आणखी जोरात, "उतरली रे पोरगी!" हमाल हसायचे, तीही हसायची. आई गेल्यापासून ती फक्त तेव्हाच हसत होती, म्हणून मी ओरडत राहिलो. शेजारच्या निता वहिनी तिला म्हणाल्या, "करुणे, काय खाऊन राहिलीस गं? लई छान दिसून राहिलीस."

ती काहीच खात नव्हती. भात कालवून ठेवायची आणि कॉलेजात खाल्लं म्हणायची. मी म्हणालो, आईचं दुःख आहे. माझ्या तरी घशाखाली कुठं उतरत होतं?

फेब्रुवारीत ती नळावर हंडा उचलताना पडली. मी तिला दोन्ही हातांवर घेऊन रिक्षात ठेवलं. काटा नसला तरी माझ्या हाताला वजन कळतं. तो आकडा मी इथं लिहीत नाही.

दवाखान्यातल्या मॅडम म्हणाल्या, हे थेर नाहीत, हा आजार आहे आणि तो जिवावर बेतू शकतो. वजन सांगू नका, तिचं खाणं मोजू नका, सोबत बसून जेवा. मी काट्याचं नाव काढणं बंद केलं. सोबत जेवायला लागलो. मोजणं मात्र सुटलं नाही. तिनं पहिला घास तोंडात घातला की मी मनात म्हणायचो, लाभ. किती तरी दिवस लाभवरच ताट बाजूला सरकायचं.

एप्रिलमध्ये कय्युम घरी आला. दारातच उभा राहिला.

"काका, ते गाणं मी काढून टाकलं. मला पण पोरगी आहे." मग करुणाला म्हणाला, "बेटा, तू सांग, आता काय बनवायचं?"

करुणानं वही आणली. तिनं स्वतःच गाणं लिहिलं होतं, उपाशी राहण्यावर. वाचून दाखवलं तशी कय्युमनं वही हातात घेऊन पुन्हा वाचली.

"फर्स्ट क्लास," तो म्हणाला. "बस, शेवटी एक कडवं टाक. पोरगी बरी होते, नवा ड्रेस घालते, नाचते. ढोल मी देतो."

"कय्युमभाई, मी अजून बरी झाले न्हाई. खोटं काहून गाऊ?"

"पब्लिकला शेवट गोड लागतो, बेटा."

"मग खीर वाटा."

कय्युम हसला. मीही हसलो. आमच्या घरात इतक्या मोठ्यानं कुणी हसून लई दिवस झाले होते.

बुद्ध पौर्णिमेला वस्तीतल्या विहारात दरवर्षी पद्मा खीर करायची. यंदा मी म्हणालो, मी करतो. सुजातेची गोष्ट आमच्याकडं लहान पोरांनाही पाठ असते. सिद्धार्थ उपाशी राहून हाडांचा सापळा झाला, तेव्हा तिनं त्याला खीर दिली. त्यानं ती खाल्ली, आणि मगच त्याला पुढची वाट दिसली. तांदूळ निवडताना करुणा म्हणाली, "बाबा, हाडं दिसायला लागली तवा त्यांना पण कोणी म्हणलं असंल का, छान दिसून राहिले?"

मी तांदूळ धुवायला घेतले.

संध्याकाळी वंदना झाली आणि करुणा माईकसमोर गेली. मागून दोघं-तिघं ओरडले, "काडीवानी होऊ द्या!" ती माईकपासून एक पाऊल मागं सरली. मी खिरीच्या पातेल्याजवळ होतो. ही आता खाली उतरली तर उद्या ताटाला हात लावणार नाही, हे मला दिसत होतं. ओठावर आलेला आवाज मी दाबून धरला.

"ते गाणं मेलं," ती म्हणाली. "नवं ऐका."

कय्युमनं ढोल आणलाच नव्हता. एकटी ढोलकी वाजली.

'आरशानं विचारलं, कोण उरलं गं आत?
ताटातला भात थंड, थंड माझे हात.
अजून भ्या वाटते, तरी बसले मी ताटाशी,
आजचा घास खाल्ला, उद्याची गाठ उद्याशी.'

गाणं तिथंच संपलं. नाच नाही, काही नाही. निता वहिनींनी पदर तोंडाला लावला होता. मग बायकांच्या मागं बसलेली एक पोरगी उभी राहून टाळ्या वाजवू लागली, तिच्या शेजारची उठली, आणि सगळं विहार उठलं. "वन्स मोअर! वन्स मोअर!" सगळ्यात मोठा आवाज निता वहिनींचा.

करुणानं माझ्याकडं पाहिलं आणि माईकवर म्हणाली, "थांबा. आधी खीर खाऊ द्या."

लोक हसले, शिट्ट्या वाजल्या. मी वाटी भरून नेली, घाईत अर्धी हातावर सांडली. ती स्टेजच्या कडेला पाय सोडून बसली आणि सगळ्यांसमोर खाऊ लागली. माईक चालूच होता.

"बाबा, आई वेलदोडा घालायची. तुमी विसरले."

मी मोंढ्यातल्या आवाजात ओरडलो, "पुढच्या साली घालतो!"

पहिल्या घासाला मी लाभ म्हणालो. नंतर मोजायचं राहूनच गेलं. वाटी ठेवून ती उठली, तोंड पुसलं आणि पुन्हा गायला लागली.