चांदण्या दिसणारं छप्पर

बाळाजी माझा चुलतभाऊ. १९७६ साली त्याला गुहागरहून बहरीनला मीच आणलं, सुतारकाम मीच शिकवलं, आणि खजुरीच्या झावळ्यांचं छप्पर कसं घालायचं हेही मीच. माझ्या छपरातून पावसाचा थेंब खाली येत नाही, आमच्या गावात कुणालाही विचारा.

मनामाच्या बाजारात एक ज्यू कापडवाले शेठ होते. त्यांचा सुगीचा सण आला की आठवडाभर अंगणात झावळ्यांची खोपी बांधायची आणि घरच्या सगळ्यांनी तिच्यातच जेवायचं. आमच्याकडे दसऱ्याला दाराला नव्या भाताच्या लोंब्यांचं नवं बांधतात, त्यातलाच प्रकार. दोन वर्षांनी ते काम आम्हा दोघांना मिळालं. मी असं गच्च छप्पर घातलं की उन्हाची तिरीपही आत येईना. शेठ वर बघून म्हणाले, यातून चांदण्या दिसल्या पाहिजेत, तसा आमचा नियम आहे.

भोकं पाडायला मी काय शिकाऊ आहे? मी तडक निघून आलो. बाळाजीने एकाआड एक झावळी उपसली आणि शेठनी त्याची पाठ थोपटली. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

सणाच्या तिसऱ्या दिवशी शेठकडे अवालीच्या तेल कंपनीच्या कॅम्पातला अमेरिकन साहेब जेवायला येणार होता. दुपारी अंगणात कुणी नसताना मी वर चढलो आणि फट न् फट बुजवली. म्हटलं, होऊ दे आता बाळाजीची फजिती.

संध्याकाळी शेठनी दोघांना बोलावून विचारलं, हे कुणी केलं? बाळाजीने वरच्या गाठी पाहिल्या. तशी गाठ मी एकटाच मारतो, हे त्याला पक्कं ठाऊक.

"माझी चूक झाली, शेठ," तो म्हणाला आणि शिडी लावून चढला.

साहेब सगळं बघत होता. त्याचं बोलणं शेठनी आम्हाला हिंदीत सांगितलं. अमेरिकेतही नोव्हेंबरात पीक घरात आल्याचं जेवण असतं. देवाची पूजा नाही, नुसते आभार मानायचे. त्यांच्या जुन्या लोकांनी ते ज्यूंच्या या सणावरूनच घेतलं, असंही काहीजण म्हणतात. साहेबाला त्या जेवणासाठी अशीच खोपी हवी होती, आणि पुढे कॅम्पातल्या सुतारकामाला मुकादम. मुकादम केलं बाळाजीला. त्याने हेल्पर म्हणून माझं नाव दिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जेवणाच्या दिवशी साहेबाने आम्हालाही टेबलाशी बसवलं. प्रत्येकाने कशाबद्दल तरी आभार मानायचे होते.

"दादानं मला काम शिकवलंन," बाळाजी म्हणाला. "त्याच्यामुळं मी इथं आहे."

मग त्याने तेच मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. सगळे माझ्याकडे कौतुकाने बघायला लागले.

आता माझी पाळी. ते छप्पर मी बुजवलं, हे सांगायला याहून चांगली वेळ आली नसती. बाळाजीही त्याचीच वाट बघत होता, मला कळत होतं. शब्द ओठांपर्यंत आले. तेवढ्यात त्याच्या अंगावरचा मुकादमाचा नवा शर्ट माझ्या नजरेत भरला.

"जेवण बरं आहे," मी म्हणालो.

बाळाजीने मान खाली घातली आणि तेवढंच इंग्रजीत सांगितलं.