नवी वायर, जुना झोपाळा

उदयसिंहरावांनी अलकापुरीतल्या दुकानातून आणलेली स्पीकरची वायर अंगठ्याएवढी जाड होती. दुकानदाराने ती आठवडाभर वापरून बघायला दिली होती आणि वर एक सल्लाही दिला होता. ऐकणाऱ्याची खुर्ची दोन्ही स्पीकरांसमोर, बरोबर मध्यावर हवी. दांडिया बाजारातल्या त्यांच्या दिवाणखान्यात त्या मध्यावर जिजाबाईंचा झोपाळा होता.

"वायर ठेवायची ठरली की झोपाळा काढू," उदयसिंहराव म्हणाले. "करायचं तर नीट करू."

लग्न होऊन आल्यापासून भाजी निवडणं, मुलांना निजवणं, दुपारची डुलकी, रुसणंसुद्धा जिजाबाईंनी त्या झोपाळ्यावरच केलं होतं. कुरकुर होते म्हणून गाणं चालू असताना झोका घ्यायचा नाही, हा नवऱ्याचा नियमही त्या पाळत आल्या होत्या. पण झोपाळाच गेला तर घरात बसायचं कुठे? सोफ्यावर त्या पाहुण्यासारख्या बसत.

रविवारी सकाळी शेजारचे जयवंतराव आले. सगळी नोकरी वीज कंपनीत झालेली. वायर हातात घेऊन ते हसत सुटले.

"अरे, तांबं ते तांबं! वायरीने गाणं सुधारत असतं तर आम्ही पादरा गावच्या विजेच्या लाइनवरून राग-रागिण्या सोडल्या असत्या."

"मला फरक ऐकू येतो."

"खिशाला येतो, कानाला नाही. चालो, करून बघू. मी मागे बसून वायर बदलतो, तुम्ही डोळे मिटून ओळखा. ओळखलीत तर कान पकडीन. नाही ओळखलीत तर वायर दुकानात परत."

जयवंतराव स्पीकरच्या कपाटामागे गेले. उदयसिंहराव बाजूच्या खुर्चीत डोळे मिटून बसले. जिजाबाई मांडीवर परात घेऊन झोपाळ्यावर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. गाणं सुरू झालं.

"नवी," उदयसिंहराव म्हणाले.

बरोबर होतं. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि जिजाबाई आत गेल्या. त्या परत येत होत्या तेव्हा दुसरी खेप चालू होती. "जुनी," उदयसिंहराव म्हणाले. "डग्गा बघा कसा फाटका वाजतोय."

तेही बरोबर निघालं. जिजाबाई मात्र दारातच थबकल्या होत्या. रिकाम्या झोपाळ्याच्या झिजलेल्या पितळी कड्या डग्ग्याच्या प्रत्येक थापेला थरथरत होत्या. त्यांनी कडीवर हात ठेवला. आवाज स्वच्छ झाला. हात काढला, पुन्हा थरथर.

तिसरी खेप सुरू झाली तशा त्या झोपाळ्यावर बसल्या. वजनाने कड्या ताणल्या गेल्या आणि गप्प झाल्या.

"ही नवी," उदयसिंहराव लगेच म्हणाले. कपाटामागून जयवंतरावांचा पडलेला आवाज आला, "हो, नवीच."

नवरा वायर नव्हे, कड्यांची थरथर ऐकतोय हे आता जिजाबाईंना समजलं. खरं सांगावं तर उदयसिंहराव म्हणतील, मग काढाच तो झोपाळा. गप्प बसावं तर ते जिंकतील, आणि तरीही झोपाळा जाईल. त्यांनी परात खाली ठेवली आणि पदर सारखा करायला उठल्यासारख्या उठल्या.

"बदलली. जुनी," उदयसिंहराव म्हणाले.

जयवंतराव टाळी वाजवत बाहेर आले. "वायरीला हातसुद्धा लावला नाही मी!"

ते पुन्हा मागे गेले. जिजाबाई बसल्या. "नवी," असं उत्तर आलं आणि वायर जुनी निघाली. मग पैज संपल्यातच जमा होती. जयवंतरावांनी नवी वायर गुंडाळून खोक्यात भरली, "कानात तेल घाला रे, उदयसिंहराव," म्हणाले, चहा घेतला आणि गेले.

झोपाळा वाचला. जिजाबाई उरलेल्या शेंगा सोलायला बसल्या.

उदयसिंहराव खुर्चीतून उठले नाहीत. कारखान्यात चालत्या मशीनचा नुसता आवाज ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगणारा हा माणूस. ते म्हणाले, "कान गेले वाटतं माझे. आणि मला पत्ताच नाही."

जिजाबाईंनी एक शेंग सोलली. दुसरी हातातच राहिली.

"गाणं लावा," त्या म्हणाल्या.

"काय उपयोग?"

"लावा ने."

त्यांनी जुन्याच वायरीवर गाणं लावलं आणि सवयीने डोळे मिटून बसले. जिजाबाई झोपाळ्यावरून उठून बाजूला उभ्या राहिल्या. "फाटका वाजतोय?"

"हो."

त्या बसल्या. "आता?"

उदयसिंहरावांनी डोळे उघडले. त्या पुन्हा उठल्या, पुन्हा बसल्या, आणि मग कडीकडे बोट दाखवलं. "कान शाबूत आहेत तुमचे. सकाळपासून तुम्ही मलाच ओळखत होतात."

ते उठून आले. कडी दोन बोटांत धरून त्यांनी ती सोडली, धरली, सोडली. जिजाबाई वाट बघत बसल्या. छताचे हूक सोडवायचे तर शिडी खालच्या दुकानातून आणावी लागेल, एवढंच त्यांच्या मनात आलं.

"तुला केव्हा कळलं?"

"तुम्ही तिसऱ्यांदा जिंकलात तेव्हा."

"म्हणजे मला हरवलंस तू."

"हो."

ते जाऊन खुर्चीत बसले. गाणं पहिल्यापासून लावलं आणि डोळे मिटले.

"मग आता उठू नकोस," ते म्हणाले.

जिजाबाईंनी परात मांडीवर घेतली. थोड्या वेळाने आत पुन्हा लावलेल्या कुकरची शिट्टी झाली. दोघंही हलली नाहीत. आणखी एक झाली.

"तुम्हीच बघा," जिजाबाई म्हणाल्या. "मला उठता यायचं नाही."

उदयसिंहराव उठून गॅस बंद करायला गेले.