पाय टेकायचा नाय

आमच्या खांब गावच्या डोंगर सायकल मंडळात नियम एकच. गावातल्या पिंपळापासून खिंडीपर्यंतची दगडधोंड्यांची गाडीवाट सगळ्या मंडळासोबत चढायची आणि पाय जमिनीला टेकवायचा नाही. जो चढेल त्याच्या हँडलला मंडळाचा म्होरक्या गुणाजीदादा गुराच्या गळ्यातली पितळी घंटा बांधणार. वळणावरची गुरं त्या आवाजाला बाजूला होतात, म्हणून घंटा. ती नसेल तर तुम्ही पाहुणे, मग सायकल कितीही भारी असो.

आरोनची सायकल फारच भारी होती. १९९४ साल. रोह्याच्या पुढे रेल्वेच्या बोगद्यांची कामं चालू होती. आमच्या डोंगरामागच्या साईटवर खडक फोडायचं परदेशी मशीन आलं, त्यासोबत हा इस्राएलहून आला. राहायला पत्र्याची खोली, खायला धूळ, आणि संध्याकाळी बोलायला कुणी नाही. एकदा तो जाड टायरची, गिअरवाली सायकल घेऊन गावात उतरला, तर नवरी बघायला जमावं तसे आम्ही तिच्याभोवती जमलो. आम्ही आपले धाटावच्या कंपनीत शिफ्ट करणारे, मडगार्ड काढलेल्या काळ्या सायकलींचे मालक. मी मनात इंग्रजीची जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात साहेबच म्हणाला, “मला घेता काय तुमच्यात? तिकडं वाळवंटातल्या डोंगरांत आमची पण अशीच टोळी हाय.”

मराठी त्याला आईनं दिलेली. रोहा सोडलं तेव्हा तो तिच्या कडेवर होता म्हणे.

आणि चढला कसा! एका बुधवारी त्यानं स्वतःची सायकल आमच्यातल्या मोरूला दिली आणि मोरूची काळी खटारा घेऊन खिंड गाठली. मोरू गिअर खटाखटा बदलत अर्ध्या वाटेवर आडवा झाला. मी सहसा कुणाचं कौतुक करत नाही, माझी बायको साक्षीला आहे. पण त्या दिवशी मी त्याच्या पाठीवर थाप मारली.

गोची एकच होती. सगळं मंडळ जमायचं शनिवारी, कारण कंपनीची सुट्टी शनिवारी. आणि शनिवारी आरोन यायचाच नाही. विचारलं की म्हणायचा, “जमत नाय रे.” मोरूनं तोंड वाकडं केलं. “साहेब लोकांचं असंच. घंटा पाह्यजे, पन आपल्या सवडीनं.”

उलगडा केला तो गुणाजीदादाच्या बायकोनं, हौसाकाकीनं. अंगणात वाल सोलता सोलता तिनं विचारलं, “आडनाव काय रं बाला?”

“रोहेकर.”

काकीचा हात थांबला. “तेलाच्या घाण्यावालं? अरं, शनवारतेली! माज्या माह्यारी व्हता की त्यांचा घाना. शनवार त्यांच्या देवाचा वार, त्या दिशी बैल मोकला. गिऱ्हाईक दारात हुभं ऱ्हायलं तरी तेलाचा थेंब नाय. आनि तुमी याला शनवारी सायकल हानायला बोलावताव?”

“मग सांगायचंस ना!” मी आरोनवर खेकसलो.

“मंडळ तुमचं, दिवस तुमचा. मी कोण बदलणारा?” तो म्हणाला.

दिवाळीत कंपनी बंद असते. तेव्हा सगळ्यांनी चढायचं, असं गुणाजीदादानं ठरवलं. शनिवार सोडून आरोन रोज सरावाला येऊ लागला. त्याला ती घंटा किती हवी होती, ते आंधळ्यालाही दिसलं असतं.

पण दिवाळीआधीच मशीनचं काम संपलं. एका शुक्रवारी दुपारी तो सायकल हाणत आला. “दादा, रविवारी सकाळी ट्रक निघतो. घंटा ऱ्हायली.”

मधे उरला फक्त शनिवार. मोरू म्हणाला, “चढ की उद्या. देव काय बघतोय इथं?”

आरोननं बराच वेळ हँडलवरून हात फिरवला. “तो नसेल बघत. मी बघतो ना,” म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. “फार वाटतंय रे. पण नाय.”

मला त्याचा राग आला आणि अभिमानही वाटला, दोन्ही एकदम.

शनिवारी सकाळी तो निरोप घ्यायला डोंगर उतरून पायीच आला. पिंपळाखाली सगळं मंडळ उभं होतं. सायकल एकाकडेही नव्हती.

“आज घाना बंद,” गुणाजीदादा म्हणाला. “चला.”

आम्ही चालत निघालो. सायकलवर वाघ असलेले आम्ही चालताना कुत्र्यासारखे धापा टाकत होतो, आणि आरोन आम्हाला हसत होता. खिंडीत पोचल्यावर दादानं खिशातून घंटा काढली.

“पन दादा, नियम?” मोरू पुटपुटला. “पाय टेकायचा नाय.”

“आज सगल्या मंडलाचं टेकलंत. कुनाकुनाला काढतोस?”

आरोननं मात्र हात पुढे केला नाही. “आज घेत नाय दादा. शनवारी आमच्यात काय उचलून नेत नाय. उद्या.”

दादानं मान डोलावली आणि घंटा परत खिशात टाकली.

रविवारी ट्रक हायवेवर थांबला. मागे आरोनची सायकल दोरांनी उभी बांधली होती. दादा ट्रकच्या चाकावर पाय देऊन वर चढला आणि त्यानं घंटा हँडलला आवळली. आरोननं दादाच्या पायांना हात लावला आणि तो ड्रायव्हरशेजारी बसला.

ट्रक वडखळच्या दिशेनं निघाला. खड्ड्याखड्ड्यांतून घंटा वाजत होती. पुढे रस्त्यात आमच्या गावच्या म्हशी पसरल्या होत्या. हॉर्नला कधी न हलणाऱ्या त्या म्हशी उठून बाजूला झाल्या. त्यांच्या लेखी मंडळातलंच कुणीतरी खिंडीतून उतरत होतं.