लायसिन, ग्लुटामेट आणि एक उशी

मी – उशी

उशीत गालाचा खळगा आहे, अजून दमट. मी त्याच्याकडे नीट बघतही नाही. संध्याकाळी खोलीत आल्यावर माझं पहिलं काम म्हणजे उशीचा कोपरा दोन बोटांच्या चिमटीत धरून ती उलटणं. मेलेला उंदीर शेपटीला धरावा तशी. दुसरी बाजू वर येते. तीही धुतल्या तांदळासारखी नसते. मधोमध पिवळा डाग, आणि वास. सडक्या अंड्यांचा, दवाखान्याचा, कुणाच्या तरी शेवटच्या श्वासाचा.

बाईनं दोन्ही बाजू बाटवल्यात.

बाई म्हणजे नर्स. खोली एक, खाट एक, भाडेकरू दोन. ती रात्रपाळी करते, मी दिवसभर प्रयोगशाळेत. मी सकाळी गेले की ती येते, ती संध्याकाळी गेली की मी येते. सुट्टीला ती बहिणीकडे, मी प्रयोगशाळेतच. ही अक्कल घरमालकीण काकूंची: "एक उठली की दुसरी निजते. समोरासमोर येणं नको न् भांडण नको." दीड वर्ष झालं, मी तिचं तोंड पाहिलेलं नाही. तिचे केस रोज पाहते, न्हाणीच्या जाळीवर, साबणाच्या फेसात गुंतलेले.

मी – सुटका

पदवी मिळाली की दुसऱ्या शहरात नोकरी ठरलेली आहे. नोकरीबरोबर खोली. खोलीत खाट. खाटेवर फक्त माझी उशी.

बाकी मला काही नको.

लायसिन – ग्लुटामेट

पदवी ज्या जोडीवर उभी आहे, ती ही.

प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. माळ स्वतःभोवती गुंडाळून घेते, तिचा गोळा होतो, आणि माळेत लांब लांब असलेले मणी गोळ्यात शेजारी येतात. कोण कोणाला टेकलंय ते शोधणं हे माझं काम. अंतरं मोजायचा प्रोग्राम पहिलवानाचा. (पहिलवान हा आमच्या प्रयोगशाळेतला सगळ्यात जुना. फुंकर मारली तर उडेल.) दोन मण्यांचे अणू चार अँगस्ट्रॉमच्या (अणूंमधली अंतरं मोजायचं हे माप) आत आले की तक्त्यात काळा चौकोन उमटतो. काळा चौकोन म्हणजे संपर्क.

लायसिनवर धन भार, ग्लुटामेटवर ऋण. त्यांचा चौकोन काळा आला तेव्हा सर म्हणाले, "दुधात साखर!" हे दोघे एकमेकांना धरून प्रोटीनचं दार बंद ठेवतात, असा आमचा दावा.

त्या दारातून मला बाहेर पडायचं आहे.

मी – बाटली

सकाळी संगणक नाही, प्रयोगाचा ओटा. प्रोटीन खराब होऊ नये म्हणून द्रावणात एक रसायन घालावं लागतं. त्याची बाटली उघडली की घाण अशी की नवा माणूस दारातच नाक धरतो. तिथं बसून बसून आम्हाला तो वास येईनासा झालाय.

पहिलवान म्हणतो, "इथं माणसाच्या आधी नाकाला पदवी मिळते."

सर – बिस्किट

सर माझ्या खुर्चीमागे उभे राहून चहा पितात. बिस्किट बुडवतात, ते तुटतं, मग कपात बोट घालून लगदा बाहेर काढतात, बोट चोखतात आणि त्याच बोटानं पडद्यावर दाखवतात.

"हा. हा चौकोन. परवा परीक्षक आल्या की याच्यावरच थांबायचं."

ते गेले. काळ्या चौकोनावर ओला ठसा, त्यात बिस्किटाचा एक कण. मी तो पुसला नाही. हात लावायची इच्छा झाली नाही.

मी – आई

"बरोबरची मुलगी कशी आहे गं?"

"मुलगी नाही, बाई आहे. मला काय माहीत कशी आहे."

"एका खाटेवर झोपता न् माहीत नाही? बहिणी-बहिणींचं नसतं एवढं सख्य!"

"आई, एका वेळी नाही झोपत."

फोन ठेवला. मग ते वाक्य माझ्याच तोंडाला चिकटून बसलं. दाताला पालेभाजी चिकटते तसं.

लायसिन – ग्लुटामेट (पुन्हा)

मण्यांच्या जागा प्रोटीनच्या स्फटिकावरून कळतात. स्फटिकात एकाच प्रोटीनच्या असंख्य प्रती असतात, आणि आपल्याला दिसतं ते सगळ्यांचं मिळून एकच चित्र. एखादा मणी काही प्रतींत एका बाजूला झुकलेला असतो, काहींत दुसऱ्या. मग आपण त्याच्या दोन्ही जागा लिहून ठेवतो: ए आणि बी.

लायसिनला दोन जागा होत्या. ग्लुटामेटलाही दोन.

मी चौकोन बाजूला ठेवून नुसतं अंतर मागितलं. लायसिनचं टोक ए जागेत, ग्लुटामेटचं बी जागेत. शून्य पूर्णांक नऊ अँगस्ट्रॉम. बाकी कुठल्याही जागांत दोघे चारच्या बाहेर.

रासायनिक बंधानं जखडलेले असे दोन अणूही इतके जवळ येत नाहीत. इतक्या जवळ दोघे मावतच नाहीत. म्हणजे एक आला की दुसरा उठून जातो. ती एकच खाट आहे. आणि पहिलवानाचा प्रोग्राम ए-बी वाचतच नाही. तो माझ्या आईसारखा आहे. त्याला खाट एक दिसते, माणसं दोन दिसतात, आणि तो म्हणतो, काय सख्य!

मी उठून पहिलवानाकडे गेले.

मी – पहिलवान

"दादा, तुझा प्रोग्राम ए-बी वाचत नाही."

"हळू बोल. वाचला असता तर माझी तरी पदवी झाली असती का?"

तो हसला. त्याच्या हिरड्या दिसल्या.

मी – सर

"शून्य पूर्णांक नऊ?" सरांनी बिस्किट बुडवलं. "म्हणजे आणखी जवळ. आणखी घट्ट!"

"सर, ते दोघे एका वेळी तिथं असूच शकत नाहीत."

त्यांनी बिस्किट बाहेर काढलं, या वेळी अख्खं, आणि बशीत ठेवलं.

"हे तुला आज कळलं?"

 हा माणूस आश्चर्य वाटून विचारत नव्हता. त्याला कंटाळा आला होता.

"उद्या चौकोन दाखवायचा. अंतर कुणी विचारत नाही. तुला जायचंय ना इथून? मग नको तिथं नाक खुपसू नकोस."

बशीतलं बिस्किट हळूहळू बसत गेलं.

मी – परीक्षक

परीक्षक मॅडमना जोडी आवडली. "छान आहे हे. यांच्यात अंतर किती?"

"चारच्या आत," सर म्हणाले.

खोटं नव्हतं. तेच किळसवाणं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि जिभेनं मिशीवरचा कण आत ओढून घेतला. माझ्या तोंडात पाणी जमलं. गिळलं असतं तर सगळं मिळालं असतं, खोली, खाट, उशी.

"शून्य पूर्णांक नऊ," मी म्हणाले.

मॅडमनी चष्मा काढला. "अगं, मग हे भेटतच नाहीत कधी."

"नाही भेटत."

प्रबंध परत आला, पहिल्यापासून सगळं करा म्हणून. दुसऱ्या शहरातली नोकरी तोवर थांबणार नव्हती. सर उठून गेले. कप माझ्या टेबलावर ठेवून.

मी – नर्स

दुपारी खोलीवर आले. दार आतून बंद. वाजवलं. बऱ्याच वेळानं एका चाळिशीच्या बाईनं उघडलं. डोळ्यांत चिपडं, गालावर शिवणीचा वळ.

"तू ती रात्रीची?"

"हो."

"बरं नाही का?"

"नापास झाले."

"मग ये आत. पण खाटेवर बसू नकोस, आत्ता ती माझी आहे."

मी जमिनीवर बसले. गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून म्हणाले, "एक सांगू? अभ्रा धूत जा. तुमची लाळ गळते. आणि तो दवाखान्याचा वास! दोन्ही बाजूंना!"



"दोन्ही? अगं बये, मी आल्या आल्या उशी उलटते. तुझ्या बाजूला गाल लावायची माझी छाती नाही. मुडदे धुतलेत मी, पण असला वास?"

ती उलटते. मी उलटते.

माझं शिक्षणच कोण कोणाला कुठं टेकतं ते शोधण्याचं, तरी मला वेळ लागला. ती स्वतःच्या बाजूवर झोपते. मी माझ्या. दीड वर्षात आमचा गाल एकदाही एका जागी लागलेला नाही.

तिनं उशी उचलून दाखवली. तिची बाजू पांढरी, मधे नुसता खळगा. मग तिनं ती फिरवली. पिवळा डाग. मी वाकून हुंगलं. मग स्वतःची बाही हुंगली.

तेच. बाटली.

नर्सनं अभ्रा ओढून काढला आणि माझ्या मांडीवर टाकला. "आधी हात धू. मग हा. मला झोपू दे."

नळाखाली मी अभ्र्याला साबण लावला. पिळला. पुन्हा लावला. मागे ती उघड्या उशीवर घोरायला लागली होती. वास जाईना. अभ्र्याचा की हाताचा, तेही कळेना.